गाडीला चितळ धडकले, तर पुढे काय करावे

नागपुरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक रस्त्यांना दीड-दोन तासांच्या आत जंगल लागते. जबलपूर रस्त्यावर मनसर मागे पडले की पेंचचे जंगल सुरू होते, उमरेड-भिवापूरच्या बाजूला कऱ्हांडला आहे, अमरावती रस्त्यावर बाजारगाव-कोंढाळीच्या आसपास बोरच्या जंगलाच्या बाजूने येणारे वन्यप्राणी रस्ता ओलांडतात, भंडाऱ्याच्या पुढे साकोलीकडे नवेगाव-नागझिरा येते, आणि काटोल रस्त्यावर तर शहर संपते न संपते तोच गोरेवाडा लागतो. दिवस मावळल्यावर या सगळ्या रस्त्यांवर चितळ, सांबर, रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आडवे येतात, आणि कितीही जपून चालवणाऱ्याच्या हातूनही एखाद्या वेळी धडक होते. हा लेख ती धडक कशी टाळावी यासाठी नाही. धडक बसून गेल्यानंतरचा पहिला अर्धा तास आणि त्यापुढचे दोन-चार दिवस कसे हाताळावेत, एवढ्यापुरताच तो आहे. त्या अर्ध्या तासात बहुतेक लोक एकतर भीतीने निघून जातात, नाहीतर कळवळून प्राण्याकडे धावतात. आणि या दोन्ही गोष्टी प्राण्याच्याही हिताच्या नसतात आणि चालवणाऱ्याच्याही. यातल्या काही बाबी मी नियम वाचून नव्हे, तर स्वतः चुकून शिकलो आहे.

आधी माणसे आणि मागून येणारी वाहने

धडक बसल्याबरोबर करकचून ब्रेक दाबून गाडी रस्त्याच्या मध्यावर उभी करू नये. ती चालत असेल तर वेग उतरवत डाव्या कडेला, शक्य तितकी डांबराच्या बाहेर घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि इंजिन बंद करावे. चितळाच्या धडकेत माणूस दगावण्याचा धोका त्यामानाने कमी असतो. खरा धोका असतो तो अंधारात उभ्या राहिलेल्या गाडीवर मागून येऊन आदळणाऱ्या ट्रकचा. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापतो, म्हणजे गाडीमागे ५० मीटरवर लाल त्रिकोण ठेवला तर त्या चालकाला जेमतेम दोन सेकंद मिळतात. म्हणून चौपदरी रस्त्यावर तो त्रिकोण मोजून शंभर-सव्वाशे पावलांवर ठेवावा, आणि ठेवायला जाताना मोबाइलचा दिवा येणाऱ्या वाहनांच्या दिशेने धरून, रस्त्याच्या अगदी कडेने चालावे. त्रिकोण नसेल तर आपल्याकडची जुनी रीत म्हणजे झाडाच्या फांद्या टाकणे, आणि ती चालते; मात्र दगड ठेवू नयेत, कारण निघताना ते उचलायचे राहून जातात आणि रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यांवरून पडतो.

गाडीतली माणसे डाव्या बाजूने उतरवून रस्त्यालगतच्या पत्र्याच्या कठड्यापलीकडे उभी करावीत, पण जंगलात आत जाऊ देऊ नये. लहान मुलांना प्राणी दाखवायला नेण्याची ही वेळ नव्हे. कोणाला छातीत पट्ट्याच्या रेषेवर दुखत असेल, मान वळत नसेल, डोळ्यात काच गेली असेल किंवा डोक्याला मार लागून ओकारी येत असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. एअरबॅग उघडल्यावर जी पांढरी भुकटी उडते तिने कातडी आणि डोळे चुरचुरतात. ती पाण्याने धुवावी, चोळू नये.

रोही किंवा सांबर असेल तर मामला वेगळा असतो, हे इथेच सांगितलेले बरे. पूर्ण वाढलेला सांबर किंवा रोह्याचा नर दोनशे किलोच्या वर भरतो, आणि त्याचे पाय इतके उंच असतात की बंपर पायांना लागतो आणि धड बोनेटवरून सरळ समोरच्या काचेवर येते. अशा धडकेनंतर चालवणारा शुद्धीत दिसला आणि ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणाला, तरी त्याला त्याच रात्री नागपूरला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा जवळच्या रुग्णालयात दाखवून घ्यावे.

प्राण्यापासून लांब राहणे हीच मदत

धडक बसलेले चितळ रस्त्यावर आडवे पडून श्वास घेत असेल, तर त्याच्याजवळ जाण्याची ओढ होते आणि ती ओढ चांगल्या मनाचीच असते. तरीही जाऊ नये. जखमी हरणाला माणूस म्हणजे शिकारी. आपण पाठीवरून हात फिरवतो ते त्याला वाघाचा पंजा पडल्यासारखेच वाटत असणार. ते उठण्यासाठी पाय झाडते, आणि ते खूर पोटात किंवा तोंडावर बसले तर माणूस आडवा होतो. नराची शिंगे त्याहून वाईट. याशिवाय हरणांमध्ये एक गोष्ट घडते, तिला पशुवैद्य कॅप्चर मायोपॅथी म्हणतात: धरपकड, गोंगाट आणि भीती यांच्या अतिताणाने स्नायूंच्या पेशी फुटू लागतात, आणि वरकरणी एकही मोठी जखम नसलेला प्राणी काही तासांत किंवा काही दिवसांत मरतो. म्हणजे पाच-सहा जणांनी भोवती उभे राहून मोबाइलचे दिवे मारणे, हेच एखाद्या जगू शकणाऱ्या चितळाच्या मरणाचे कारण होऊ शकते. ज्याला खरोखर काही करायचे असेल त्याने गर्दी हटवावी, हॉर्न बंद करायला लावावेत आणि गाडीचे हेडलाइट प्राण्याच्या डोळ्यांवरून काढावेत.

पाणी पाजू नये. कुशीवर पडलेल्या, मान न धरणाऱ्या प्राण्याच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. हळद, तेल, कापडाची पट्टी यांपैकी काहीही लावू नये. ‘तडफडते आहे, सोडवून टाका’ असे म्हणणारा कोणीतरी प्रत्येक गर्दीत असतोच. त्याला स्पष्ट नाही म्हणावे, कारण जखमी वन्यप्राण्याला संपवण्याचा निर्णय वन विभाग आणि पशुवैद्यक यांचाच असतो आणि तुमच्या हातून तसे झाले तर अपघाताचे रूपांतर शिकारीत होते. तसेच चितळाला उचलून आपल्या गाडीत घालून शहराकडे धावत सुटू नये. सेमिनरी हिल्सला वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे आणि जखमी वन्यप्राण्यांवर तिथे उपचार होतात, हे खरे; पण तिथवर प्राणी न्यायचा कसा, डोळ्यांवर कापड कधी टाकायचे, गुंगीचे औषध द्यायचे की नाही, हे त्या पथकाचे काम आहे. मागच्या सीटवर शुद्धीवर आलेले चितळ काय करते, याची कल्पना करून पाहावी.

चितळे कळपाने फिरतात, हेही ध्यानात ठेवावे. एक ओलांडून गेले की मागची तीन-चार झुडपात थांबलेली असतात आणि तुम्ही उतरून उभे असतानाच ती एकेक करून उडी घेतात. वाघ, बिबट किंवा अस्वलाला धडक बसली असेल तर मात्र वरचे त्रिकोण-बिकोण सगळे विसरावे; काचा वर, दारे बंद, आणि गाडी चालत असेल तर थोडी पुढे नेऊन तिथून फोन. २०१७ च्या डिसेंबरात बोरचा ‘बाजीराव’ नावाने ओळखला जाणारा वाघ बाजारगावजवळ अमरावती रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला; त्यामुळे ‘हायवेवर वाघ कुठून येणार’ या समजाला नागपूरकरांनी आता तरी सोडचिठ्ठी द्यायला हरकत नाही.

फोन कोणाला आणि काय सांगावे

वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. तो न लागल्यास ११२ वर सांगावे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वरून गस्तीचे वाहन, क्रेन आणि रुग्णवाहिका मिळते, आणि मेलेले जनावर रस्त्यात आडवे असेल तर मागची वाहतूक वळवण्यासाठी हे गस्तीवालेच पहिल्यांदा उपयोगी पडतात. जवळ टोल नाका असेल तर तिथला माणूसही निरोप पोहोचवतो. रेंज नसेल, आणि देवलापारच्या पुढे ती अनेकदा नसते, तर जाणाऱ्या ट्रकवाल्याला थांबवून पुढच्या नाक्यावर निरोप द्यायला सांगावे.

फोनवर ‘देवलापारच्या जवळ’ एवढे सांगून भागत नाही. पेंचच्या रस्त्यावर वनरक्षकाचे एक बीट (हद्द) संपून दुसरे कुठे सुरू होते हे तुम्हाला माहीत नसते आणि खवासा ओलांडले की राज्यच बदलते. म्हणून किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जवळचा पूल किंवा फाटा, तुम्ही नागपूरकडे येत होता की नागपूरकडून जात होता, प्राणी कोणता, जिवंत की मेलेला, आणि रस्त्यावर पडला आहे की जंगलात गेला आहे, एवढे एका दमात सांगावे आणि मोबाइलवरून ठिकाणाचा पत्ता पाठवावा.

प्राणी उठून पळून गेला, तर सुटलो म्हणून निघून जाऊ नये. पाय मोडलेले चितळसुद्धा घाबरून दोन-तीनशे मीटर पळते आणि नंतर झुडपात बसून राहते. ते ज्या बाजूने गेले ती बाजू, रस्त्यावरचे रक्ताचे थेंब, मोडलेला कठडा किंवा तारेला अडकलेले केस दाखवले, तर वनरक्षकाला माग काढता येतो. माग काढताना तुम्ही सोबत आत जाऊ नये.

माझ्या गाडीला चितळ धडकले तेव्हा भिवापूरच्या अलीकडे, जानेवारीतल्या एका संध्याकाळी, मोटारसायकलवर मफलर गुंडाळलेले एक गार्ड चाळीसएक मिनिटांत आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग गाडीकडे, आणि बॅटरीचा झोत नंबर प्लेटवर धरून फटीत अडकलेले चार तपकिरी केस बोटाने दाखवत म्हणाले, “मादी आहे, साहेब. पिल्लू नव्हतं ना सोबत?” मला तोवर हे सुचलेच नव्हते. मादीला धडक बसली असेल तर आजूबाजूला पाडस आहे का, हे फोनवरच सांगावे. ते कळपाबरोबर गेले नसेल तर त्याचीही सोय पाहावी लागते.

कायद्याची भीती

लोक पळून जातात ते बहुतेक कायद्याच्या भीतीने, म्हणून याविषयी थोडे सविस्तर. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ बंदूक घेऊन जंगलात जाणे एवढाच नाही. प्राण्याला मारणे, पकडणे, इजा करणे आणि त्याच्या शरीराचा कोणताही भाग काढून घेणे हे सगळे त्या व्याख्येत येते. त्यामुळे वन विभागाला अपघाताचीही चौकशी करता येते, पंचनामा होतो आणि काही वेळा गुन्ह्याची प्राथमिक नोंदही होते. वेग किती होता, तो रस्ता अभयारण्यातला होता का, चालवणारा प्यायलेला होता का, हे प्रश्न येणारच. पण या सगळ्यांत तुमच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः फोन केला आणि जागेवर थांबलात ही. टोल नाक्यांवर कॅमेरे असतात. फुटलेल्या हेडलाइटचे तुकडे आणि नंबर प्लेट रस्त्यावर राहते. आणि निघून गेलेल्या माणसाला नंतर शोधून काढले, की अपघात होता हे सिद्ध करण्याचे ओझे त्याला फार जड जाते.

याच अधिनियमाच्या कलम ३९ नुसार मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता असते, आणि अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे ते कळवायचे असते. याचा रोजच्या भाषेतला अर्थ असा, की मेलेल्या चितळाचे मांस, कातडे, शिंग, अगदी गळून पडलेला शिंगाचा तुकडासुद्धा गाडीत टाकू नये. रस्त्यावर मेलेले जनावर दिसले की कुऱ्हाड आणि पोते घेऊन येणारी माणसे असतात आणि ‘साहेब, तुम्ही निघा, आम्ही बघून घेतो’ असे आपुलकीने सांगतात. त्यांच्या हवाली करून निघणे म्हणजे तुमच्या अपघाताला दुसऱ्याचा गुन्हा जोडून घेणे होय. वनरक्षक येईपर्यंत थांबावे. ते शक्यच नसेल तर कोणाशी, किती वाजता बोलणे झाले ते लिहून ठेवावे.

वनरक्षकासमोर जबाब देताना घडले तसे सांगावे. वेग आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावे, सोयीचा आकडा बनवू नये. लिहिलेले वाचल्याशिवाय सही करू नये, आणि पंचनाम्याची प्रत किंवा निदान नोंदीचा क्रमांक मागून घ्यावा, कारण विम्यासाठी त्याचा उपयोग होतो.

धडक गाईला, म्हशीला किंवा बकरीला बसली असेल तर हे सारे लागू होत नाही. तिथे जनावराला मालक असतो, नुकसान त्याचे असते, आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ प्रमाणे पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणे तुमचे कर्तव्य असते. जागेवर नोटा मोजून देऊन प्रकरण मिटवण्याची पद्धत आहे, पण तिची कुठे नोंद राहत नाही.

गाडी पुढे न्यावी की नाही

माझी मोठी चूक इथे झाली. बंपर फाटला होता, डावा हेडलाइट गेला होता, पण इंजिन सुरू होत होते. वनरक्षकांचे काम आटोपल्यावर मी उमरेडकडे निघालो. दोन-तीन किलोमीटरवर गूळ तापवल्यासारखा एक गोडसर वास आला, मी काच खाली केली. चौथ्या किलोमीटरला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि मी ‘ढाबा आलाच’ म्हणत आणखी एक किलोमीटर रेटली. तो वास कूलंटचा होता. बंपरच्या मागे, चितळाच्या उंचीवर नेमका रेडिएटर असतो, आणि त्याला पडलेली बोटाएवढी भेग इंजिन जाम करायला पुरते.

त्यामुळे गाडी हलवण्यापूर्वी ती सपाट जागी दहा मिनिटे उभी ठेवून खाली वाकून पाहावे. हिरवा, गुलाबी किंवा निळसर चिकट थेंब पडत असेल तर ते कूलंट आहे, आणि गाडी क्रेननेच न्यावी. निव्वळ स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर ते बहुधा एसीचे असते. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. बंपरचा किंवा मडगार्डचा तुकडा चाकाला घासतो का हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. बोनेटची कडी वाकली असेल तर ताशी ६० च्या वेगाला बोनेट उघडून काचेवर येते. ते दोरीने बांधल्याशिवाय हलू नये. सीएनजीचा वास आला तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून सर्वांनी लांब व्हावे. विजेवरच्या गाडीत नारिंगी वेष्टणाच्या तारांना हात लावू नये. एअरबॅग उघडली असेल तर गाडी चालत असली तरी चालवू नये. आणि दोरीने टोचन करून नेण्यापूर्वी, गाडी ऑटोमॅटिक असल्यास, पुस्तिकेत तशी परवानगी आहे का ते पाहावे. पुष्कळ गाड्यांत पुढची चाके उचलूनच न्यावे लागते.

विमा

प्राण्याला धडकून आपल्या गाडीचे झालेले नुकसान सर्वंकष विम्यातून, म्हणजे ज्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असतो त्या विम्यातून मिळते. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या खिशातूनच खर्च करावा लागतो. कंपनीला शक्यतो त्याच रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कळवावे आणि सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत गाडी धुऊ नये व उघडू नये. रक्त धुऊन टाकावेसे वाटते, हे मी समजू शकतो. पण ग्रिलमधले केस आणि रक्ताचे डाग हाच धडक प्राण्याशी झाल्याचा पुरावा असतो. जागेवर चार फोटो घ्यावेत: नंबर प्लेटसह समोरची बाजू, नुकसान जवळून, किलोमीटरचा दगड किंवा रस्त्याची खूण, आणि दुरून, फ्लॅश न वापरता, प्राणी. डॅशकॅम असेल तर त्याचे कार्ड त्याच रात्री काढून ठेवावे, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते.

माझ्या इंजिनाचे पैसे मिळाले नाहीत. बंपर, दिवा आणि रेडिएटर मान्य झाले. कूलंट गळत असताना गाडी पाच किलोमीटर चालवल्याने जे झाले ती ‘परिणामी हानी’, आणि ती विम्यात बसत नाही, असे उत्तर आले. राग आला, पण पॉलिसी काढून वाचली तेव्हा ते तिथे लिहिलेले होते.

नुकसान थोडे असेल तर दावा करण्यापूर्वी नो क्लेम बोनसचा हिशेब करावा. पाच वर्षे दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. दावा केला की ती शून्यावर येते आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशी चढत पुन्हा ५० वर जाते. समजा तो हप्ता सूट धरण्याआधी १४,००० रुपये आहे. पहिल्या वर्षी ५० टक्के, मग ३०, २५, १५ आणि ५, असे मिळून पाच वर्षांत वर्षाच्या हप्त्याच्या १२५ टक्के, म्हणजे १७,५०० रुपये जादा भरावे लागतात. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता घटतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. तरीही आठ-नऊ हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी दावा करणे परवडत नाही. बोनस संरक्षणाची जोड घेतलेली असेल तर गोष्ट वेगळी.

गॅरेजमधून गाडी घेताना बंपरचा रंग सगळेच पाहतात. त्याऐवजी रात्री एखाद्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांच्या झोताची उंची सारखी आहे का ते पाहावे. नवा दिवा बसवताना तो थोडा वर किंवा आत वळलेला राहतो, शहरातल्या उजेडात ते कळत नाही, आणि उमरेड रस्त्याला लागल्यावर डावी कड, जिथून जनावर येते, नेमकी तीच अंधारात राहते. माझा दिवा मिस्त्रीने दोनदा खोलून लावला.